पुढचा भाग आधीच्या भागांच्या तोलाचा आहे का, हे कसे पारखावे

कौटुंबिक ॲनिमेशनपटाचा पुढचा भाग पाहून बाहेर पडताना आपण बहुधा दोनांपैकी एक वाक्य बोलतो: "पहिल्याची सर नाही" किंवा "मुलांना आवडला, बास." ही दोन्ही वाक्ये खरी असू शकतात, पण त्यांत निवाडा आहे आणि कारणे नाहीत, त्यामुळे ऐकणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. चित्रपटांविषयी नव्याने लिहू लागलेल्यांना, तसेच मुलांसोबत पाहिलेल्या चित्रपटाबद्दल घरात नीट बोलता यावे असे वाटणाऱ्या पालकांना उपयोगी पडेल अशी एक पद्धत येथे पायरीपायरीने मांडली आहे. उदाहरणासाठी पिक्सारच्या, जिवंत खेळण्यांची आणि त्यांतल्या वुडी या काउबॉय बाहुल्याची गोष्ट सांगणाऱ्या 'टॉय स्टोरी' मालिकेचे १९९५, १९९९, २०१० आणि २०१९ या वर्षांतले पहिले चार भाग घेतले आहेत, आणि पारखायचा आहे तो चौथा. ही मालिका निवडण्याचे कारण असे की या चारांपैकी एकही भाग उघडपणे फसलेला नाही. फसलेल्या चित्रपटाला फसलेला म्हणायला पद्धत लागत नाही. 'चांगला' आणि 'आधीच्यांच्या तोलाचा' यांतला फरक ओळखायला मात्र ती लागते. चारही भागांचे शेवट पुढे उघड होणार आहेत, तेव्हा ज्यांनी ते पाहिले नसतील त्यांनी आधी पाहून घ्यावेत.

पायरी पहिली: आधीचे भाग क्रमाने पुन्हा पाहावेत

लहानपणी पाहिलेला चित्रपट आठवणीत मोठा होत जातो, आणि पुढच्या भागाची तुलना आपण त्या वाढलेल्या आठवणीशी करतो. ती तुलना न्याय्य नसते. म्हणून आधीचे सर्व भाग, शक्यतो लागोपाठच्या संध्याकाळी, क्रमाने पाहावेत. पहिला भाग ८१ मिनिटांचा, दुसरा ९२ मिनिटांचा आणि तिसरा १०३ मिनिटांचा आहे. म्हणजे तिन्ही मिळून पाच तासही लागत नाहीत. एवढा वेळ देण्याची तयारी नसेल तर निवाडा देण्याची घाई करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

पाहताना एकच काम करावे: प्रत्येक भाग संपल्यावर त्याने कोणता प्रश्न विचारला हे एका वाक्यात वहीत लिहावे. येथे कथानक लिहायचे नाही. "वुडी हरवतो आणि मित्र त्याला शोधतात" हे कथानक झाले, आणि ते थोड्याफार फरकाने चारही भागांना लागू पडते. प्रश्न त्याच्या खाली असतो. पहिल्या भागात अँडी या मुलाचा लाडका वुडी बझ या नव्या अंतराळवीर खेळण्यामुळे मागे पडतो, तेव्हा प्रश्न असा की आपली जागा दुसऱ्याने घेतली तर आपण कोण उरतो. दुसऱ्या भागात खेळण्यांचा एक संग्राहक वुडीला पळवतो आणि जपानमधल्या वस्तुसंग्रहालयात कायमचे जतन होण्याची वाट त्याच्यापुढे उघडते. प्रश्न असा की जे प्रेम एक दिवस संपणार हे ठाऊक आहे त्याच्यासोबत राहावे, की काचेआड सुरक्षित राहावे. तिसऱ्या भागात अँडी सतरा वर्षांचा होऊन महाविद्यालयात निघतो, आणि प्रश्न उरतो तो निरोपाचा.

ही तीन वाक्ये एकाखाली एक लिहिली की एक गोष्ट लक्षात येते: प्रत्येक प्रश्न आधीच्या उत्तरातून उगवलेला आहे. पहिल्या भागात वुडी आणि बझ यांनी अँडीचे प्रेम वाटून घ्यायचे ठरवले, म्हणून ते प्रेम किती काळ टिकेल हे दुसऱ्या भागाला विचारता आले. दुसऱ्या भागात स्टिंकी पीट हा कधीच खोक्याबाहेर न आलेला बाहुला वुडीला विचारतो की अँडी मोठा झाल्यावर तुला महाविद्यालयात नेणार आहे का. वुडी त्यावर अँडीकडेच परत जायचे निवडतो, आणि अकरा वर्षांनी आलेला तिसरा भाग नेमका त्या प्रश्नापाशी सुरू होतो. अँडीला तिन्ही भागांत जॉन मॉरिस यांनीच आवाज दिला आहे. पहिल्या भागाच्या वेळी मुलगा असलेला हा कलाकार तिसऱ्या भागापर्यंत खरोखर मोठा झालेला होता, आणि त्या प्रश्नाला लागणारा काळ त्याच्या आवाजातही ऐकू येतो.

आता कसोटी सोपी होते. नव्या भागाचा प्रश्न लिहिता येत नसेल, किंवा लिहिल्यावर तो आधीच्याच प्रश्नासारखा दिसत असेल, तर खूण करून ठेवावी. इतर मालिकांवरही ही कसोटी लावून पाहावी. 'कुंग फू पांडा'च्या २००८ सालच्या पहिल्या भागात पांडाचा बाप हंस असतो, आणि हा बाप काहीतरी फार महत्त्वाचे सांगायच्या सुरात बोलू लागतो, तेव्हा सर्वांना वाटते की आता जन्माचे रहस्य कळणार. तो मात्र आपल्या सूपचे रहस्य सांगतो. २०११ सालच्या दुसऱ्या भागाने त्याच विनोदाचा गंभीर प्रश्न केला: मी या घरात आलो कोठून? हाच खरा पुढचा भाग. त्याच वर्षीच्या 'कार्स २'ने मात्र पहिल्या भागातल्या विनोदी साहाय्यकाला, मेटरला, मध्यभागी आणून हेरकथा रचली. तिच्यात धावपळ भरपूर आहे. पण पहिल्या भागात भरधाव गाडीला थांबायला शिकवणारा जो प्रश्न होता त्याच्याशी या कथेचे नाते जुळत नाही.

चौथ्या भागाचा प्रश्न मी असा लिहिला: ज्याचे काम संपले आहे त्याने आयुष्य कोणासाठी जगावे? तिसऱ्या भागाच्या शेवटी अँडीने जिला आपली खेळणी दिली ती लहान बॉनी वुडीला कपाटात ठेवून इतर खेळण्यांशी खेळते, आणि तरीही वुडी तिच्यासाठी जिवाचे रान करतो. प्रश्न नवा आहे आणि तिसऱ्या भागातल्या निरोपातूनच निघाला आहे. या पायरीवर चौथा भाग उत्तीर्ण होतो.

पायरी दुसरी: पहिल्यांदा पाहताना वही बाजूला ठेवावी

नवा भाग प्रथम पाहताना काहीही लिहू नये, आणि शक्य असल्यास एखाद्या मुलासोबत पाहावा. कौटुंबिक चित्रपट एकाच वेळी दोन पिढ्यांशी बोलत असतो. त्यातली एकच पिढी खोलीत असेल तर अर्धा चित्रपट आपल्या नजरेतून निसटतो. मुले कोठे हसतात यापेक्षा ती कोठे हलायची थांबतात याकडे लक्ष द्यावे.

चित्रपट संपताच "आवडला का?" असे विचारू नये, कारण खाऊ खाऊन आणि मोठा पडदा पाहून आलेले मूल "हो" म्हणणारच. दुसऱ्या दिवशी गोष्ट सांगायला लावावी. मूल काय सांगते, काय गाळते आणि कोठे अडते यांतून बरेच कळते. चौथा भाग पाहिल्यानंतर माझ्या आठ वर्षांच्या भाचीने फोर्की या नव्या खेळण्याची गोष्ट अगदी बारकाव्यांसह सांगितली, बझला जवळजवळ पूर्ण गाळले, आणि शेवटाशी येऊन मला विचारले, "मामा, बॉनीने वुडीला शोधलं का नाही?" या प्रश्नाकडे आपल्याला पुढे परत यायचे आहे.

आपल्याकडील प्रेक्षकांसाठी आणखी एक सूचना. मराठी घरांत असे चित्रपट कधी इंग्रजीत तर कधी हिंदी डबिंगमध्ये पाहिले जातात, आणि पुढच्या भागाच्या डबिंगला अनेकदा नामवंत कलाकार घेतले जातात. २०१८ सालच्या 'इन्क्रेडिबल्स २'च्या हिंदी आवृत्तीत इलास्टिगर्ल या नायिकेला काजोल यांचा आवाज होता. त्यामुळे दोन भाग वेगवेगळ्या भाषांत पाहून त्यांची तुलना करू नये, आणि कोणती आवृत्ती पाहिली हे लिहिताना नमूद करावे. संवाद सपाट वाटले तर दोष पटकथेचा की अनुवादाचा, हे एखादा प्रसंग मूळ भाषेत पाहून तपासता येते.

पायरी तिसरी: जुन्या खुणा पेरलेल्या आहेत की उसन्या, हे तपासावे

दुसऱ्यांदा पाहताना वही उघडावी. प्रत्येक पुढच्या भागात आधीच्या भागांची आठवण करून देणाऱ्या जागा असतात: जुना संवाद, जुने गाणे, ओळखीचे पात्र. प्रेक्षक त्यांना टाळ्या देतात, आणि नवशिक्या समीक्षकाची फसगत येथेच होते, कारण ओळख पटल्याचा आनंद आणि कथेने मिळवलेला आनंद हे आतून सारखेच वाटतात. दोन्ही वेगळे करायचे असतील तर स्वतःला विचारावे: आधीचा भाग न पाहिलेल्या माणसासाठी हा प्रसंग कथेत काही काम करतो का, आणि तो पाहिलेल्या माणसासाठी त्याचा अर्थ वाढतो का? दोन्ही उत्तरे 'हो' असतील तर ती खूण पेरलेली आहे. नुसती ओळख पटून पुढे काहीच होत नसेल तर ती उसनी आहे.

याचे सर्वांत चांगले उदाहरण याच मालिकेत आहे. पहिल्या भागात तीन डोळ्यांचे छोटे हिरवे परग्रहवासी पंजाने खेळणी उचलून काढायच्या एका यंत्रात राहतात आणि वरून येणाऱ्या पंजाला देव मानतात. तो केवळ एक विनोद असतो. दुसऱ्या भागात मिस्टर पोटॅटो हेड हा बटाट्याच्या रूपातला बाहुला त्यांतल्या तिघांना वाचवतो, आणि ते त्याच्या मागे लागून कृतज्ञता व्यक्त करत राहतात, हाही विनोदच. तिसऱ्या भागात सारी खेळणी कचरा जाळण्याच्या भट्टीकडे घसरत जातात, सुटकेची आशा संपते, कोणी काही बोलत नाही आणि ती फक्त एकमेकांचे हात धरतात. त्या क्षणी वरून एक प्रचंड पंजा खाली येतो, आणि तो चालवत असतात तेच तीन परग्रहवासी. पंधरा वर्षांच्या अंतराने एका विनोदाचे तारणात रूपांतर झाले. पहिले भाग न पाहिलेल्यालाही ही सुटका पुरेशी आहे. पाहिलेल्याच्या मात्र डोळ्यांत पाणी येते. माझ्या तरी प्रत्येक वेळी येते.

चौथ्या भागात अशा खुणा शोधल्या तर सर्वांत ठळक खूण बो पीपची आहे. पहिल्या दोन भागांत ती एका दिव्याची शोभा वाढवणारी चिनी मातीची बाहुली होती. तिसऱ्या भागात ती घरातून गेल्याचा नुसता उल्लेख येतो, आणि तो ऐकताना वुडी क्षणभर अडखळतो. चौथ्या भागाचा आरंभ नऊ वर्षे मागे जाऊन, पावसाच्या रात्री, त्या अडखळण्याचे कारण दाखवतो: दिवा दुसऱ्या घरी दिला जात असतो, वुडी तिच्यासोबत त्याच खोक्यात शिरण्याच्या बेतात असतो, आणि अँडी त्याला शोधत बाहेर येतो म्हणून तो थांबतो. अवघ्या काही मिनिटांत जुन्या भागातल्या एका क्षणाला नवा अर्थ मिळतो आणि या भागाच्या शेवटाचीही तयारी होते. ही खूण पेरलेलीच आहे.

पायरी चौथी: एक धागा निवडून तो सर्व भागांतून ओढत न्यावा

संपूर्ण चित्रपटाची तुलना करणे अवघड असते. एका धाग्याची करता येते. मी बझचा भ्रम हा धागा निवडतो. पहिल्या भागात बझला आपण खराखुरा अंतराळवीर आहोत असे वाटते, आणि शेजारच्या सिड या खेळणी मोडणाऱ्या मुलाच्या घरी दूरचित्रवाणीवर स्वतःची जाहिरात पाहून तो कोसळतो. दुसऱ्या भागात खेळण्यांच्या दुकानात त्याला दुसरा बझ भेटतो, जो अजून त्याच भ्रमात आहे. म्हणजे विनोद जुनाच, पण आता आपला बझ स्वतःच्या भूतकाळाकडे बाहेरून पाहतो. तिसऱ्या भागात शत्रू त्याची कळ दाबून त्याला मूळ अवस्थेत आणतात, आणि नंतर चुकून तो स्पॅनिश बोलू लागतो. हसू येते; परंतु बझला स्वतःविषयी नवे काही कळत नाही. चौथ्या भागात तो छातीवरची बटणे दाबून ऐकू येणाऱ्या ठरावीक वाक्यांना आपला अंतरात्मा समजतो. पहिल्या भागात ज्याने आपण खेळणे असल्याचे सत्य इतकी किंमत देऊन स्वीकारले, तो चौथ्यात इतका भाबडा कसा झाला याचे उत्तर चित्रपट देत नाही. धागा येथे क्षीण होतो, आणि माझ्या भाचीने बझला का गाळले हेही त्यातून कळते.

गंमत अशी की हाच धागा चित्रपटाने दुसऱ्याच पात्राच्या हाती दिला आहे, आणि तेथे तो फार सुंदर विणला आहे. बॉनीने बालवाडीत प्लॅस्टिकच्या काटेचमच्यापासून बनवलेला फोर्की स्वतःला कचरा समजतो आणि संधी मिळेल तेव्हा कचरापेटीत उडी मारतो. बझ स्वतःला खेळण्याहून मोठा समजत होता. फोर्की स्वतःला खेळण्याहून लहान समजतो. दोघांनाही समजावण्याचे काम वुडीकडेच येते. मात्र पहिल्या वेळी वुडी मत्सराने बोलत होता आणि या वेळी मायेने बोलतो. वुडी किती बदलला हे मोजायला याहून चांगले माप मला सापडले नाही. एकच धागा दोन जागी वेगवेगळा निघाला, तर दोन्ही निष्कर्ष वहीत लिहावेत. ओढूनताणून एक करू नयेत.

खलपात्रांचा धागाही असाच ओढून पाहावा. दुसऱ्या भागातला स्टिंकी पीट, तिसऱ्यातले लॉट्सो अस्वल आणि चौथ्यातली बाहुली गॅबी गॅबी ही तिघेही प्रेम न मिळालेली किंवा गमावलेली खेळणी आहेत, त्यामुळे वरवर पाहता पुनरावृत्ती वाटते. पण पहिल्या दोघांना शेवटी शिक्षा मिळते, तर गॅबी गॅबीला वुडी स्वतःचे आवाजाचे यंत्र देऊन टाकतो, आणि एक मुलगी तिला नाकारते तरी जत्रेत हरवलेली दुसरी मुलगी तिला कवटाळते. तीच दुखरी जागा असूनही चित्रपटाचे वागणे बदलले आहे.

पायरी पाचवी: तंत्र, आवाज आणि निर्मितीची हकिकत यांना योग्य तेवढेच वजन द्यावे

१९९५ सालचा पहिला भाग हा संपूर्णपणे संगणकावर तयार झालेला पहिला पूर्ण लांबीचा चित्रपट होता. त्या काळच्या तंत्राला प्लॅस्टिक जमत होते. माणसाची त्वचा, केस आणि कुत्र्याची लव जमत नव्हती. नायक म्हणून खेळणी शोभली याचे एक कारण तेही आहे. चौथ्या भागात पाऊस, जुन्या वस्तूंच्या दुकानातली धूळ आणि चिनी मातीची झिलई पाहून थक्क व्हायला होते. परंतु २४ वर्षांनंतरचे चित्र अधिक रेखीव असणे यात विशेष काही नाही. विचारायचे ते असे की रेखीवपणाने कथेचे काम केले का. त्या धुळीमुळे विसरली गेलेली खेळणी कशी जगतात हे डोळ्यांना दिसते, म्हणून ती सार्थ आहे.

आवाजांबाबत टीका करण्याआधी माहिती काढावी. स्लिंकी कुत्र्याचा पहिला आवाज असलेले जिम व्हार्नी २००० साली गेले, आणि तिसऱ्या भागापासून ते काम ब्लेक क्लार्क यांनी केले. मिस्टर पोटॅटो हेडचे डॉन रिकल्स २०१७ साली, चौथ्या भागाचे ध्वनिमुद्रण करण्याआधी, वारले. त्या पात्राचे संवाद त्यांच्या जुन्या ध्वनिमुद्रणांतून जुळवलेले आहेत. त्याच्या वाट्याला संवाद कमी का, हे यातून समजते. जेसी या काउगर्ल बाहुलीच्या वाट्याला ते कमी का, हे मात्र समजत नाही. दुसऱ्या भागात सोडून दिल्या गेलेल्या जेसीची सारी व्यथा रँडी न्यूमन यांच्या एका गाण्यात मावली होती. चौथ्या भागात ती केवळ धावपळीपुरती उरली आहे, आणि हा मला या भागाचा खरा दोष वाटतो.

"हा पैशांसाठी काढलेला भाग आहे" हे वाक्य मात्र समीक्षेत वापरू नये. दुसरा भाग मुळात थेट व्हिडिओवर विक्रीसाठी आखला गेला होता. पुढे तो चित्रपटगृहांसाठी ठरला, आणि कथा नव्याने बांधून साधारण नऊ महिन्यांत तो जवळजवळ पुन्हा तयार करण्यात आला. हेतू आणि हकिकत यांवरून गुण ठरला असता, तर मालिकेतला हा सर्वांत सघन भाग आपण न पाहताच बाद केला असता.

पायरी सहावी: नव्या शेवटाने जुन्या शेवटाचे काय केले, हे विचारावे

ही पायरी बहुतेक जण गाळतात, आणि माझ्या मते निवाड्याचा निम्मा भार हिच्यावर असतो. पुढचा भाग स्वतः चांगला असूनही आधीच्या शेवटाला पोकळ करू शकतो. म्हणून आधीच्या भागाची शेवटची पाच मिनिटे नव्या भागानंतर लगेच पुन्हा पाहावीत.

तिसऱ्या भागाच्या शेवटी अँडी बॉनीला एकेक खेळणे ओळख करून देऊन सोपवतो, आणि वुडीपाशी थबकतो. वुडी तुला कधीही सोडणार नाही, काहीही झाले तरी तुझ्यासोबत राहील, अशा अर्थाचे तो तिला सांगतो. चौथ्या भागाच्या शेवटी वुडी तिला सोडतो. माझ्या भाचीचा प्रश्न नेमका येथे बोट ठेवतो: ज्या मुलीने वुडीला जपण्याचा शब्द अँडीला दिला, ती वुडीला विसरली कशी?

चित्रपटाच्या बाजूने बरेच म्हणता येते. बॉनी वुडीशी खेळत नव्हती. लहान मुले अशीच असतात. वुडीने फोर्कीला तिच्यापाशी परत पोहोचवून तिची गरज भागवली. निरोपाच्या वेळी बझ वुडीला सांगतो की ती ठीक राहील. वुडीला वाटते तो बो पीपबद्दल बोलतो आहे, आणि मग बझ स्पष्ट करतो की बॉनी ठीक राहील. हे वाक्य म्हणजे वुडीला मिळालेली परवानगी आहे, आणि चौथ्या भागात बझला मिळालेला एकमेव मोठा क्षणही हाच. वुडी आपला बिल्ला जेसीला देतो, म्हणजे जबाबदारीही सोपवून जातो. एवढे सारे मान्य करूनही पुढचे खरे उरते: अँडीचा शब्द खोटा पडला याची जाणीव चित्रपटातल्या कोणालाही होत नाही. ती एका वाक्याने, एका नजरेने झाली असती, तर तिसऱ्या भागाचा शेवट अधिक खोल झाला असता.

पायरी सातवी: निवाडा लिहिताना

ताऱ्यांची संख्या सर्वांत शेवटी ठरवावी, किंवा देऊच नये. कोणत्या बाबतीत तोलाचा आणि कोणत्या बाबतीत उणा, हे प्रसंगाचा दाखला देऊन लिहावे. "जादू हरवली" यासारखे कोणालाही कशालाही लावता येणारे शब्द खोडावेत. मोठ्यांचे आणि मुलांचे निष्कर्ष वेगळे निघाले असतील तर दोन्ही नोंदवावेत. मग लेख दोनतीन दिवस बाजूला ठेवून पुन्हा वाचावा, कारण आवडत्या मालिकेबद्दल पहिल्या दिवशी आपण एकतर फार रागावलेले असतो किंवा फार हळवे झालेले असतो.

माझ्या वहीतला चौथ्या भागाचा निवाडा असा आहे: वुडीची कथा म्हणून तो आधीच्या तिन्ही भागांच्या तोलाचा आहे, आणि फोर्की व बो पीप यांच्या बाबतीत तर काही ठिकाणी वरचढही. खेळण्यांच्या कुटुंबाची कथा म्हणून तो दुसऱ्या आणि तिसऱ्या भागाहून उणा आहे, कारण भट्टीत ज्यांनी एकमेकांचे हात धरले होते त्यांतल्या बहुतेकांना येथे गाडीत बसून वाट पाहण्यापलीकडे फारसे काम नाही. भाचीला मी अजून उत्तर दिलेले नाही; तिच्यासोबत तिसऱ्या भागाचा शेवट पुन्हा पाहून मग तिचे मत विचारायचे ठरवले आहे.